पूरग्रस्तांचं बियाणं खात्यात अडकलं : आमच्या बँकेच्या शाखाधिकाऱ्यांना खुलं पत्र

प्रति,
मा. शाखाधिकारी,
आमचं चालू खातं असलेली बँक, मुंबई

आणि बँकांचे व सायबर तक्रारींचे नियम ठरवणाऱ्या, राबवणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांना,

स. न. वि. वि.

माझ्या तक्रारीवर आपल्या बँकेचं उत्तर आलं. ‘बँकेने सक्षम यंत्रणेच्या सूचनेनुसार कार्यवाही केली असून बँकेच्या बाजूने कोणतीही त्रुटी आढळून आलेली नाही. सबब आपली तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’ एवढंच. पूरग्रस्त शेतकऱ्यांच्या बियाण्यासाठी लोकांनी दिलेले पैसे ऐन पेरणीच्या दिवसांत, खातं गोठवल्यामुळे तुमच्याकडे अडकून पडले, हरभऱ्याचा हंगाम गेला, आणि त्याबद्दल त्या पत्रात एक ओळही नाही. तुमच्या दफ्तरी तक्रार निकाली निघाली असेल, माझ्या लेखी निघालेली नाही. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहिते आहे.

बँकेचं आणि शाखेचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. लालबाग, परळ, दादरच्या ओळखीच्या दुकानदारांशी बोलले तेव्हा कळलं, की वेगवेगळ्या बँकांच्या खातेदारांना हाच अनुभव येतोय. शिवाय लोकांनी काउंटरवरच्या मुलामुलींवर राग काढावा अशी माझी मुळीच इच्छा नाही. त्यांच्या हातात काही नव्हतं, हे मी समोर उभी राहून पाहिलंय. ज्यांच्या हातात होतं त्यांच्याशी मला बोलायचंय.

लालबागला आमचं फराळाचं छोटं दुकान आहे. पुढे काउंटर, मागे स्वयंपाकघर. त्याच जागेत पूर्वी माझ्या सासूबाईंची खानावळ होती. पाळीवरून सुटलेले कोकणातले, साताऱ्याकडचे गिरणी कामगार जेवायला यायचे आणि पैसे पगाराला द्यायचे. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि खानावळवाल्या बायकांना सावकाराच्या दारातून उठवून बँकेच्या दारात नेलं. सासूबाई बँकेची पायरी पहिल्यांदा चढल्या त्या काळात. गहाण ठेवायला काही नव्हतं, बायका एकमेकींना जामीन राहिल्या. पुढे १९८२चा संप झाला, गिरण्या बंद पडत गेल्या, पंगतीला बसणारे गावी परतले. खानावळीचं फराळाचं दुकान झालं, पण कर्जाचा हप्ता त्यांनी त्या दिवसांतही चुकवला नाही. बँक म्हणजे अडीअडचणीला आपल्या बाजूने उभं राहणारं कुणीतरी, ही समजूत मला त्यांच्याकडून मिळाली. ती मी अजून सोडलेली नाही, नाहीतर हे पत्र लिहायचे कष्ट घेतलेच नसते.

मदतीसाठी पैसे जमवणं आमच्या गल्लीला नवीन नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, लोकल बंद पडल्या आणि आंबेडकर रोडवरून माणसं भिजत, रात्रभर चालत घराकडे निघाली. त्या रात्री सासूबाईंनी दोन्ही शेगड्यांवर खिचडीची पातेली चढवली होती. २०१९ला सांगली-कोल्हापूर बुडालं तेव्हा, २०२१ला चिपळूण आणि महाड पाण्याखाली गेलं तेव्हा, आमच्या भागातल्या दुकानांनी मिळून टेम्पो भरून पाठवले. ते सगळं रोखीत आणि ओळखीवर चालायचं. आता लोक खिशात नोटा ठेवत नाहीत. दहा रुपयांची देणगीसुद्धा मोबाइलने येते आणि बँकेतूनच जाते. आम्ही तुमच्या दारात आलो ते त्यामुळे.

सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यात आणि सोलापूर जिल्ह्यात काय झालं ते महाराष्ट्राने पाहिलं. आमच्याकडे चकल्या पाडणाऱ्या दोघी जणी धाराशिव जिल्ह्यातल्या, परंडा तालुक्यातल्या आहेत. सीना नदीला पूर आला त्या आठवड्यात दोघींचं कामात लक्ष नव्हतं, आणि ते असावं असं कुणी म्हणालंही नाही. एकीच्या भावाने फोनवर शेताचा व्हिडिओ पाठवला होता. सोयाबीन कुठे दिसत नव्हतं, माती कुठे दिसत नव्हती. खालचा मुरूम उघडा पडला होता आणि त्यात विहिरीवरची मोटर उलटी रुतून बसली होती. तो व्हिडिओ आम्ही सगळ्यांनी भाजणीच्या डब्यांपाशी उभं राहून पाहिला.

काय पाठवायचं हे आम्ही त्यांनाच विचारलं. कपडे, बिस्किटं, पाण्याच्या बाटल्या यांच्या गाड्या तिकडे पोचायला लागल्या होत्या. दोघींचं म्हणणं एकच होतं : ‘ताई, खायला येतंय लोकांकडून. पेरायला काही नाही. घरात ठेवलेल्या बियाण्याला पोत्यातच मोड आलेत.’ तेव्हा ठरलं, की ज्यांची माती जागेवर राहिली आहे अशा शेतकऱ्यांना रब्बीचं हरभऱ्याचं बियाणं द्यायचं. एकरी साधारण २५ ते ३० किलो लागतं. त्यांच्या भागातल्या एका कृषी सेवा केंद्राशी बोलणी झाली. गावातून नावं आली. पैसे थेट त्या केंद्राच्या खात्यावर जायचे आणि शेतकऱ्याने तिथून पिशवी उचलायची.

राज्य सरकारने ७ ऑक्टोबरला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात खरवडून गेलेल्या जमिनीला हेक्टरी ४७,००० रुपये होते, रब्बीच्या बियाण्यासाठी आणि इतर गरजांसाठी हेक्टरी १०,००० रुपये होते. ते योग्यच झालं. पण पंचनामा, यादी, केवायसी होऊन पैसे खात्यावर पडेपर्यंत दिवस जातात. जमिनीला वापसा, म्हणजे पेरणीजोगा ओलावा, आला की पेरणी करावी लागते. वापसा आणि सरकारी पैसे यांच्यामधले जे दिवस असतात तेवढ्यापुरती आमची मदत होती, त्याहून मोठा दावा आम्ही कधी केला नाही.

पैसे कसे जमवले तेही सांगते, कारण तुमच्या एका अधिकाऱ्यांनी मला ‘हे पैसे नक्की कसले?’ असं ज्या स्वरात विचारलं तो स्वर मी विसरलेले नाही. विकलेल्या प्रत्येक किलो फराळामागे वीस रुपये दुकानाचे. त्यावर ग्राहकाला वाटेल ते त्याने द्यायचं. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातून सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ क खालची, लोकांकडून पैसे गोळा करायची परवानगी घेतली. गणेशोत्सव मंडळं वर्गणीसाठी घेतात तीच. परवानगीची प्रत काउंटरच्या काचेवर लावली. आमच्याकडे दिलेल्या पैशाला आयकरात ८०जीची सवलत मिळणार नाही, हे मी प्रत्येकाला आधीच सांगत होते. तरी लोकांनी दिले. काउंटरवर एक वही ठेवली होती, त्यात नाव आणि रक्कम ज्याने त्याने स्वतःच्या हाताने लिहायची. त्या वहीत बेस्टच्या एका निवृत्त कंडक्टरांचे पाचशे रुपये आहेत. शाळेच्या गणवेशात आलेल्या एका मुलीने तीस रुपयांपुढे ‘खाऊचे’ असं लिहिलंय. एका आजींनी नाव लिहायला नकार दिला आणि नुसतं ‘लातूरची’ लिहिलं, पुढे हजार रुपये. दिवाळीच्या तोंडावर ही रक्कम दोन लाखांच्या आसपास पोचली होती.

आणि वसुबारसेच्या संध्याकाळी गॅसवाल्याचे पैसे जाईनात. रवा-बेसनवाल्याचे जाईनात. ॲपमध्ये नुसतं ‘व्यवहार अयशस्वी’. दुसऱ्या दिवशी शाखेत आल्यावर कळलं, की खात्यावर सायबर तक्रारीची नोंद पडली आहे आणि खातं गोठवलंय.

हे कसं होतं ते वाचणाऱ्यांसाठी लिहिते. कुणाची ऑनलाइन फसवणूक झाली की तो १९३० या हेल्पलाइनवर किंवा सायबर तक्रारींच्या पोर्टलवर तक्रार करतो. चोर ते पैसे एका खात्यातून दुसऱ्यात, दुसऱ्यातून तिसऱ्यात फिरवतात. पोलिस त्या मागावर राहून साखळीतल्या प्रत्येक खात्याची माहिती बँकेला कळवतात. परराज्यातल्या अशाच एका तक्रारीच्या साखळीत कुठेतरी खाली, कुणीतरी आमच्याकडून फराळ घेतला होता आणि ४८० रुपये स्कॅन केले होते. त्या ४८० रुपयांसाठी आमचं अख्खं खातं बंद झालं. दुकानाचे पैसे, बायकांचा दिवाळीचा पगार आणि पूरग्रस्तांचे दोन लाख, सगळंच.

त्यात आणखी एक गोष्ट होती जी मला सहन झाली नाही. खात्यातून पैसे जाणं बंद होतं, पण येणं चालूच होतं. काउंटरवरचा साउंडबॉक्स बोलतच होता. ‘शंभर रुपये प्राप्त झाले.’ ‘दोनशे रुपये प्राप्त झाले.’ लोक बोर्ड वाचून, परंड्यासाठी म्हणून पैसे देत होते आणि ते एका अशा पेटीत पडत होते जिची किल्ली आमच्याकडे नव्हती. मी क्यूआरवर कागद चिकटवला. ऐन दिवाळीच्या गर्दीत फक्त रोख घेतली. कितीतरी गिऱ्हाईकं परत गेली, त्याचं दुःख नाही. पण ‘ताई, क्यूआर का झाकलाय? काही भानगड झाली का?’ हे ऐकावं लागलं.

आता माझ्या तक्रारी.

सगळ्यात आधी, आम्ही वेगळं खातं मागितलं होतं. निधी सुरू करण्यापूर्वी मी शाखेत येऊन विचारलं होतं, की मदतीचे पैसे दुकानाच्या पैशांत मिसळायला नकोत, दुसरं खातं उघडून द्या. सांगण्यात आलं, की संस्था नोंदवा, तिचं पॅन कार्ड आणा, मग बघू. महिनाभराच्या निधीसाठी कुणी ट्रस्ट स्थापन करतं का? मी ४१ कची परवानगी दाखवली तेव्हा ‘आमच्या सिस्टीममध्ये याला जागा नाही’ असं उत्तर मिळालं. पुढे खातं गोठलं तेव्हा त्याच टेबलावर मला विचारण्यात आलं, की देणगीचे पैसे धंद्याच्या खात्यात का घेतलेत? हे माझ्या मनात कायमचं राहील.

मग, ४८० रुपयांच्या संशयासाठी सगळं खातं का? संशयित रकमेवर धारणाधिकार (लियन) टाकून, म्हणजे तेवढीच रक्कम अडवून, बाकीचं खातं चालू ठेवता येतं. केरळ उच्च न्यायालयाने २०२३मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना सांगितलं आहे, की पोलिसांनी जेवढी रक्कम कळवली आहे तेवढ्यापुरतीच गोठवणूक ठेवा. हे मला आमच्या एका वकील ग्राहकांनी सांगितलं. मी ते शाखेत सांगितलं तर ‘ते केरळचं आहे’ म्हणून विषय संपला. ते आदेश इथे थेट लागू होतात की नाही हा वकिलांचा प्रश्न असेल. पण त्यामागचा न्याय कळायला वकील लागत नाही. पोलिसांनी संपूर्ण खातं बंद करा असं लेखी सांगितलं होतं का, की ती बँकेची सोय होती, हे मी आजपर्यंत विचारते आहे आणि मला कागद दाखवलेला नाही.

कळवण्याबद्दल तर बोलायलाच नको. खातं बंद केल्याचा साधा मेसेज नाही. कुठल्या पोलिस ठाण्याची तक्रार, किती रुपयांची, कुणाशी बोलायचं, यातलं काहीही आपण होऊन सांगितलं गेलं नाही. पुष्कळ मागे लागल्यावर एका चिठ्ठीवर पोचपावतीचा क्रमांक आणि एक ईमेल पत्ता मिळाला. त्या पत्त्यावर मी बिलाची प्रत पाठवली, ४१ कची परवानगी पाठवली, वहीची पानं स्कॅन करून पाठवली. उत्तर नाही. फोन लागला तेव्हा सांगितलं, ‘बँकेला विचारा.’ बँकेने सांगितलं, ‘पोलिसांकडून पत्र आणा.’ दोन्हीकडे माणसं सौजन्याने बोलत होती, हे नमूद करते. पण टोलवाटोलवी सौजन्याने केली म्हणून ती टोलवाटोलवी राहत नाही असं नाही.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६खाली पोलिसांना संशयित मालमत्ता जप्त करता येते, तसंच ती माहिती तातडीने न्यायदंडाधिकाऱ्यांना कळवण्याचं बंधनही त्याच कलमात आहे. आमच्या बाबतीत ते झालं की नाही, हे मला ना बँकेने सांगितलं, ना पोलिसांनी. आणि दाद मागायची कुठे? सगळे म्हणतात, बँकांविरुद्धच्या तक्रारी ऐकणाऱ्या बँकिंग लोकपालाकडे जा. रिझर्व्ह बँकेची २०२१ची लोकपाल योजना मी वाचून काढली. कायदा अंमलबजावणी यंत्रणेच्या आदेशावरून बँकेने केलेली कारवाई त्या योजनेच्या कक्षेबाहेर ठेवली होती. म्हणजे उरलं न्यायालय. ४८० रुपयांच्या चकली-शेवेसाठी लालबागच्या दुकानदाराने न्यायालयात जावं, अशी ही व्यवस्था आहे. ज्यांना वकील परवडतो ते जातील. वडापावची गाडी चालवणाऱ्याने, भाजीवालीने, इस्त्रीवाल्याने काय करायचं?

सायबर चोरांची मला दया येत नाही. आमच्याच इमारतीतल्या एका निवृत्त शिक्षकांना ‘डिजिटल अरेस्ट’च्या नावाखाली रात्रभर कॅमेऱ्यासमोर बसवून ठेवलं आणि त्यांची आयुष्याची पुंजी नेली. फसवणूक होताच पैसे जिथे असतील तिथे अडवले पाहिजेत, आणि ते पहिल्या तासाभरात अडवले पाहिजेत, हे मला पूर्ण मान्य आहे. ते ४८० रुपये कुणाच्या कष्टाचे असतील तर आजही घ्या, मी एका शब्दाने विचारणार नाही. पण चोराला अडवणं वेगळं आणि चोराने ज्याच्याकडून फराळ घेतला त्याला आठवडेच्या आठवडे उत्तराविना ताटकळत ठेवणं वेगळं. पहिल्याला तासांची निकड आणि दुसऱ्याला आमच्या बाबतीत मुदतच नव्हती, हे कसं चालेल?

नुकसान काय झालं, तर हरभरा ऑक्टोबरच्या शेवटच्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात जमिनीत पडावा लागतो. उशीर झाला तर थंडी हातची जाते, घाटे भरायच्या वेळी ऊन तापायला लागतं आणि दाणा बारीक राहतो. पाऊस लांबल्यामुळे मुळात वापसा उशिरा आला होता. जे थोडे दिवस मिळाले त्या दिवसांत आमचे पैसे तुमच्या संगणकात होते. कृषी सेवा केंद्रवाल्याने काही दिवस थांबून पाहिलं, पण त्यालाही वर पैसे भरायचे असतात. यादीतल्या काहींनी उधारीवर, वाढीव भावाने बियाणं उचललं. काहींनी रान तसंच ठेवलं. आमच्याकडच्या बाईंच्या भावाने गावातल्या एकाकडून व्याजाने पैसे काढले. ज्या सावकारीतून सासूबाईंना बँकेने सोडवलं होतं, त्याच सावकारीच्या दारात आमच्या निधीतला माणूस गेला, आणि त्याच्या नावाचे पैसे बँकेत पडून होते. या एका वाक्यासाठी मी हे पत्र लिहिते आहे असं समजा.

दुसरं नुकसान रुपयांत मोजता येत नाही. वहीत ज्यांची नावं आहेत ते रोज दुकानावरून जातात. ‘पोचले का पैसे?’ असं विचारतात. मोठ्या संस्थेला देणगी दिली की माणूस पावती घेतो आणि विसरतो. गल्लीतल्या दुकानाला देतो तेव्हा तो दुकानदाराच्या तोंडाकडे बघून देतो. मला कित्येक आठवडे त्या प्रत्येकाला सांगावं लागलं, की पैसे आहेत, सुरक्षित आहेत, पण मला हलवता येत नाहीत. काहींना पटलं. काहींच्या चेहऱ्यावर दिसलं, की पटलेलं नाही. पुढच्या आपत्तीला ती माणसं हात आखडता घेतील, माझ्याकडेच नाही, कुणाकडेही.

‘मुख्यमंत्री सहायता निधीतच का नाही दिलेत?’ असं मला शाखेत आणि शाखेबाहेरही सुनावलं गेलं. ज्यांना तिथे द्यायचे त्यांनी जरूर द्यावेत, आमच्या बोर्डावरही आम्ही तो पर्याय लिहिला होता. पण परंड्यातल्या अमुक गावात, अमुक माणसाला, अमुक पेरणीआधी बियाण्याची पिशवी हवी आहे, हे त्या गावची बाई जिथे चकल्या पाडते तिथेच आधी कळतं. सरकारची मदत मोठी आणि आमची लहान. दोन्ही लागतात, आणि लहान मदत लवकर पोचली तरच तिला अर्थ आहे.

डिसेंबरात खातं मोकळं झालं. का, कुणाच्या सांगण्यावरून, चौकशी संपली की नाही, काही कळवलं नाही. एका सकाळी गॅसवाल्याचे पैसे गेले आणि मला कळलं. त्यानंतर मी लेखी तक्रार केली आणि त्याला वर लिहिलेलं उत्तर आलं.

माझ्या मागण्या अशा आहेत.

पोलिसांनी जी रक्कम कळवली असेल तेवढीच अडवा. संपूर्ण खातं बंद करायचं असेल तर तसा लेखी आदेश असल्याशिवाय करू नका, आणि तो आदेश खातेदाराला दाखवा.

खातं किंवा रक्कम अडवली की त्याच दिवशी खातेदाराला मराठीत मेसेज आणि पत्र द्या. त्यात तक्रारीचा क्रमांक, पोलिस ठाणं, रक्कम आणि संपर्काचा चालू असलेला फोन नंबर असावा. आणि जोवर पैसे बाहेर जाऊ शकत नाहीत तोवर आत घ्यायचे की नाही, हे ठरवण्याचा हक्क खातेदाराला द्या.

खातेदाराने बिलं आणि कागद दिले की ते पोलिसांकडे पाठवणं आणि उत्तर मिळवणं ही जबाबदारी बँकेची असावी, त्यासाठी प्रत्येक शाखेत एक नाव ठरलेलं असावं. फराळ विकणाऱ्या बाईने परराज्यातलं पोलिस ठाणं शोधत बसू नये. सायबर पोलिसांना माझी विनंती आहे, की छोट्या रकमेच्या आणि साखळीत खाली असलेल्या अशा खातेदारांचा जबाब व्हिडिओ कॉलवर घ्या आणि निर्णयाला मुदत ठेवा. मुदत संपली तर अडवलेली जास्तीची रक्कम आपोआप मोकळी व्हावी.

रिझर्व्ह बँकेने लोकपाल योजनेतली ही फट बुजवावी. आदेश बरोबर की चूक हे लोकपालांनी पाहू नये, पण आदेशापेक्षा जास्त गोठवलं का, खातेदाराला कळवलं का, एवढं तरी पाहावं.

आणि आपत्तीच्या मदतीसाठी एक साधं, अल्पमुदतीचं खातं सुरू करा. कलम ४१ कची परवानगी आणि दुकानदाराचं स्वतःचं पॅन एवढ्यावर ते उघडावं. मुदत सहा महिने. त्यातून पैसे आधी जाहीर केलेल्या ठिकाणीच जावेत, म्हणजे बियाण्याचं दुकान, चाऱ्याचा पुरवठादार, शाळा किंवा मुख्यमंत्री सहायता निधी. दुकानदाराला स्वतःसाठी एक रुपयाही काढता येऊ नये. हवं तर प्रत्येक व्यवहार सगळ्यांना दिसेल असा ठेवा, आम्ही त्याचं स्वागतच करू. राज्यातल्या बँकांच्या कामात समन्वय ठेवणाऱ्या राज्यस्तरीय बँकर्स समितीने हा विषय पुढच्या पावसाळ्याआधी बैठकीत घ्यावा, अशी माझी मागणी आहे.

शेवटी आमच्या शाखेपुरतं. ते दोन लाख अजून तुमच्याकडेच आहेत. वहीतल्या देणगीदारांना विचारून आम्ही ठरवलंय, की हे पैसे आता त्याच गावांना खरिपाच्या सोयाबीन आणि तुरीच्या बियाण्यासाठी द्यायचे. मृग नक्षत्र लागायच्या आत बियाणं गावात पोचायला हवं, म्हणजे कृषी सेवा केंद्राचे पैसे मेअखेर जायला हवेत. तोवर आमचं दुकान चालू आहे, क्यूआर चालू आहे, आणि उद्या पुन्हा कुणी कुठले पैसे स्कॅन करेल यावर माझा काही ताबा नाही. असं झालं तर या दोन लाखांना हात लागणार नाही, याची लेखी हमी मला तुमच्याकडून हवी आहे. किंवा हे पैसे ठेवायला वेगळं खातं आजच उघडून द्या, कागद माझ्याकडे तयार आहेत.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावं ही विनंती. जे उत्तर येईल ते मी काउंटरच्या काचेवर, ४१ कच्या परवानगीशेजारी लावणार आहे, कारण ज्यांचे पैसे आहेत त्यांना ते वाचायचा हक्क आहे.

आपली,
आपल्या शाखेची चालू खातेदार,
फराळ व्यावसायिक, लालबाग, मुंबई